कावळा, फांदी आणि सूर्यावरचे डाग

पुण्यात व्याख्यानाला गर्दी होणे ही काही बातमी नव्हे. त्यातून विषय सूर्याचा असेल तर हल्ली खुर्च्या कमीच पडतात, कारण आदित्य-एल१ या यानावरची अतिनील दुर्बीण इथल्याच आयुका संस्थेत घडली आणि तेव्हापासून सूर्य पुणेकरांना जवळजवळ घरचा वाटू लागला आहे. गेल्या काही दिवसांत अशाच एका व्याख्यानाला गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त अभियंते उठले आणि त्यांनी हातातल्या वहीतून दोन नोंदी वाचून दाखवल्या. ३१ डिसेंबर २०२३ रोजी सूर्यावर एक्स-५ वर्गाची ज्वाला (एक्स हा सर्वांत प्रबळ ज्वालांचा वर्ग) उसळली आणि दहा तासांच्या आत जपानच्या नोटो द्वीपकल्पात ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. ९ मार्च २०११ रोजी एक्स वर्गाची ज्वाला उसळली आणि ११ मार्चला तोहोकूचा महाभूकंप झाला. हा केवळ योगायोग मानायचा का, एवढेच त्यांनी विचारले. वक्ते हसले. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे, तो तुमच्या पायाखालच्या खडकाला काय करणार, उद्या तुम्ही मंगळालाही दोष द्याल, असे ते म्हणाले. सभागृहानेही हसून साथ दिली आणि ते गृहस्थ खाली बसले.

त्या दोन मिनिटांत या वादाचे जे होते तेच सगळीकडे होताना दिसते. एक बाजू जुळलेल्या तारखा मोजते आणि न जुळलेल्या विसरते. दुसरी बाजू प्रश्नच हास्यास्पद ठरवून मोकळी होते. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. सूर्यावरच्या डागांमुळे, ज्वालांमुळे किंवा सौरवाऱ्यामुळे, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे, भूकंप घडून येतात असे म्हणण्याजोगा पुरावा आज आपल्यापाशी नाही, आणि असा काही परिणाम असलाच तर तो भूकंपाचे भाकीत करण्याच्या कामी येण्याइतका मोठा नाही. परंतु याचे कारण सूर्य लांब आहे हे नव्हे आणि कल्पना चमत्कारिक आहे हेही नव्हे. इतक्याच चमत्कारिक वाटणाऱ्या दोन कल्पना, एक होकायंत्राच्या सुईविषयीची आणि दुसरी आपल्याच कोयनेविषयीची, हसणाऱ्यांना पुरून उरल्या. त्या ज्या कसोट्यांवर उतरल्या त्याच कसोट्यांवर सूर्य-भूकंपाचा दावा दीडशेहून अधिक वर्षे उतरलेला नाही, हे त्याला नाकारण्याचे खरे कारण आहे. मी भूशास्त्रज्ञ नाही. माझे आयुष्य महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात गेले. पण हा वाद मुळात मोजण्याचा असल्यामुळे त्यात बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते.

आधी अंतराचा मुद्दा निकालात काढू. पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्य समुद्राला भरती आणतो. चंद्राच्या भरतीच्या तुलनेत त्याचा वाटा निम्म्याहून थोडा कमी भरतो. भरती केवळ पाण्याला येते असेही नाही. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती जमीनसुद्धा दिवसातून दोनदा काही सेंटिमीटर, कधी काही डझन सेंटिमीटर, वर-खाली होत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या उचलण्या-बसण्याने खडकांवर पडणारा ताण काही हजार पास्कलचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या काही शतांशाइतका असतो. एवढ्याशा ताणाचासुद्धा भूकंपांशी संबंध दिसतो काय? दिसतो, पण अगदी पुसट. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की फार मोठे भूकंप भरतीचा ताण अधिक असतानाच्या काळात काहीसे जास्त होतात. तेव्हा सूर्याचा आणि भूकंपाचा काडीचाही संबंध असू शकत नाही हे विधान शास्त्रीय नाही. मात्र ही भरती गुरुत्वाकर्षणाची आहे. सूर्यावर डाग असोत वा नसोत, ज्वाला उसळो वा न उसळो, ती ठरल्या वेळी येतेच. त्यामुळे ती सूर्याच्या अस्तित्वाची साक्ष ठरते, त्याच्या खवळण्याची नव्हे.

इथे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला निमित्त आणि कारण हा भेद उपयोगी पडतो. भूकंपाची ऊर्जा सूर्यातून येते असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. ती भूपट्टांच्या सरकण्यातून दशकानुदशके, कधी शतकानुशतके भ्रंशांवर, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगांवर, साठत असते. दावा एवढाच असतो की फुटायला आलेल्या भ्रंशाला शेवटचा धक्का सूर्य देतो. हा दावा तत्त्वतः अशक्य नाही, आणि म्हणूनच ‘एवढ्याने काय होणार’ हे उत्तर पुरेसे पडत नाही. उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी हलकीच असते. पण जी काडी हलकी आहे ती शेवटची आहे हे दाखवण्याचे ओझे मात्र काडी दाखवणाऱ्यावर पडते.

आता हसणाऱ्यांच्या इतिहासाकडे वळतो, कारण विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा तिथे आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना त्याला दोन पांढरे लखलखाट दिसले. दुसऱ्या दिवशी पृथ्वीभर तारायंत्रे बिघडली, ध्रुवप्रदेशातले प्रकाश उष्ण कटिबंधाच्या जवळपर्यंत दिसले, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली. (विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव नको म्हणून ही वेधशाळा पुढे १९०४ मध्ये अलिबागला गेली, पण तिच्या त्या दिवशीच्या नोंदी आजही जगभरचे अभ्यासक शोधत येतात.) सूर्यावरच्या लखलखाटाने पृथ्वीवरची चुंबकसुई हलली असेल काय? कॅरिंग्टन स्वतः एका घटनेवरून निष्कर्ष काढायला तयार नव्हता. आणि तेहतीस वर्षांनंतर, १८९२ मध्ये, रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना लॉर्ड केल्व्हिनने हा संबंध निव्वळ योगायोग असल्याचा निर्वाळा दिला. त्याचे गणित चोख होते. मध्यम प्रतीचे चुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली अशी खळबळ, आठ तास चालवण्यासाठी सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा लाटांच्या रूपाने चहूकडे फेकावी लागेल, असे त्याने दाखवले. चुकले ते गणित नव्हे, गृहीतक चुकले. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत निघतो आणि पृथ्वीवर येऊन आदळतो हे त्याला माहीत नव्हते.

त्या काळचा सर्वांत मोठा भौतिकशास्त्रज्ञ जर असा चुकू शकतो, तर आजचे भूकंपशास्त्रज्ञ कशावरून चुकत नसतील? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. मात्र केल्व्हिन चुकला हे कळले कसे, तेही पाहिले पाहिजे. त्याच्या टीकाकारांनी आणखी दोन-चार जुळणाऱ्या तारखा आणून दाखवल्या नाहीत. एडवर्ड सॅबाइन या भूचुंबकाच्या अभ्यासकाने १८५२ मध्येच चुंबकीय वादळांची संख्या सौरडागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राबरोबर चढते-उतरते हे मांडले होते, आणि ते पुढच्या प्रत्येक चक्रात खरे ठरत गेले. १९०४ मध्ये वॉल्टर माँडर या खगोलशास्त्रज्ञाने दाखवले की वादळे सत्तावीस दिवसांच्या अंतराने परत येतात, आणि पृथ्वीवरून पाहताना सूर्याचे स्वतःभोवतीचे भ्रमण तेवढ्याच दिवसांत पुरे होते. म्हणजे सूर्यावरचा एक विशिष्ट भाग समोर आला की वादळ येते, हे आगाऊ सांगता येऊ लागले. शेवटी १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो कणांचा झोत प्रत्यक्ष मोजला. वारंवारता, आगाऊ भाकीत आणि कार्यकारणाची मोजता येणारी साखळी या तीन गोष्टींनी केल्व्हिनला हरवले.

दुसरे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे आहे. शिवाजीसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि कोयनानगरच्या परिसरात जमीन गुरगुरू लागली. दख्खनचे पठार म्हणजे पुरातन, निश्चल कातळ, इथे भूकंप कसला, ही त्या वेळची जाणकारांची समजूत होती. पाण्याने डोंगर हलतो असे म्हणणाऱ्या गावकऱ्यांकडे कोण लक्ष देणार? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि पुण्या-मुंबईची घरे हादरली. त्यानंतरही वाद संपला नाही, आणि संपू नये हेच योग्य होते, कारण एका भूकंपाने काहीच सिद्ध होत नाही. वाद हळूहळू मिटला तो पुढच्या नोंदींनी. सुमारे वीस बाय तीस किलोमीटरच्या एका टापूतच धक्के येत राहिले, पन्नास वर्षे येत राहिले, पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर वाढत राहिले. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला, तेव्हा काही वर्षांनी धक्क्यांची वस्तीही तिकडे सरकली. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी पाण्याच्या पातळीचा चढ-उतार आणि धक्के यांचा हिशेब वर्षानुवर्षे मांडला. अमेरिकेत कोलोरॅडोमधील रेंजली तेलक्षेत्रात तर शास्त्रज्ञांनी खडकात पाणी दाबून भूकंप सुरू केले आणि पाणी उपसून ते थांबवून दाखवले. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून आज आपण त्या भ्रंशाजवळचा खडक हातात घेऊन पाहतो आहोत. पाणी हे तिथेही निमित्तच आहे, कारण ताण आधीपासूनचा आहे. पण त्या निमित्ताला जागा आहे, वेळ आहे आणि वाटही आहे.

सूर्याच्या दाव्यापाशी यांपैकी काय आहे? पहिली अडचण जागेची. सूर्य साऱ्या पृथ्वीवर तळपतो. ज्वालेतून आलेले क्ष-किरण उजेडाच्या बाजूच्या सगळ्या अर्ध्या गोलावर पडतात, चुंबकीय वादळ तर पृथ्वीला चहूबाजूंनी वेढते. मग धक्का नोटोलाच का बसला? तिथला भ्रंश पिकला होता, हे उत्तर खरे आहे. पण जगभर पिकलेले भ्रंश शेकडो आहेत, आणि त्याच वेळी त्यांच्यातले इतर का फुटले नाहीत, याचे उत्तर त्यात नाही. दुसरी अडचण वेळेची. क्ष-किरण आठ मिनिटांत पोहोचतात, सूर्याने फेकलेला कणांचा ढग पोहोचायला एक ते तीन दिवस लागतात. नोटोचा भूकंप दहा तासांच्या आत झाला, तेव्हा तो ढग अजून वाटेतच असणार. तोहोकूचा सुमारे तीस तासांनी झाला. एका ठिकाणी किरण जबाबदार, दुसऱ्या ठिकाणी ढग, तिसऱ्या ठिकाणी महिनाभराने उरलेला काही परिणाम, असे प्रत्येक वेळी आरोपी बदलत गेले तर खटला कधीच हरता येणार नाही. आणि जो खटला हरताच येत नाही, तो जिंकलाही असे कसे म्हणावे?

आता मोजणीकडे येतो. जगात सहा किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला साधारण दीडशे होतात, म्हणजे दर अडीच दिवसांला एक. तुम्ही दिनदर्शिकेवर डोळे मिटून कोणत्याही तारखेवर बोट ठेवा. पुढच्या तीन दिवसांत कुठेतरी असा भूकंप होण्याची शक्यता दहात सात इतकी निघते. सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला पंधराच्या आसपास होतात. कोणत्याही तारखेपासूनच्या आठवड्यात त्यांतला एक तरी होण्याची शक्यता चारात एक. २०२४ साली सूर्य ऐन भरात होता आणि एक्स वर्गाच्या पन्नासहून अधिक ज्वाला उसळल्या. त्यांतल्या चौथ्या हिश्श्यापुढे, म्हणजे बारा-तेरा ज्वालांपुढे, आठवड्याभरात मोठा भूकंप आलेला दिसणे हे सूर्याने काहीही न करता घडायला हवे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे आपण म्हणतो. इथे तर झाडावर सदैव पन्नास कावळे आहेत आणि फांद्याही रोजच तुटत आहेत. गाठ पडली नाही तरच नवल मानावे लागेल.

त्या अभियंत्यांच्या वहीत जे नव्हते ते महत्त्वाचे आहे. डिसेंबर २००६ च्या मध्यापासून फेब्रुवारी २०११ च्या मध्यापर्यंत, चार वर्षांहून अधिक काळ, सूर्यावर एक्स वर्गाची एकही ज्वाला उसळली नाही. २००८ मध्ये तर ३६६ पैकी २६६ दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. याच निद्रेच्या काळात मे २००८ मध्ये चीनमधील सिचुआनचा, जानेवारी २०१० मध्ये हैतीचा आणि पुढच्याच महिन्यात चिलीचा ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. उलट मे २०२४ मध्ये, दोन दशकांतले सर्वांत प्रबळ चुंबकीय वादळ आले, लडाखमधल्या हानले इथून आकाश तांबडे दिसले, आणि त्या अख्ख्या महिन्यात सात तीव्रतेचा एकही भूकंप जगात कुठे झाला नाही. मी ही उदाहरणे सूर्य निर्दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी देत नाही. निवडक उदाहरणांनी तेही सिद्ध होत नाही. एवढेच दाखवायचे आहे की तारखा निवडण्याचे स्वातंत्र्य दिले तर त्याच वहीतून उलटा सिद्धांतही तितक्याच ऐटीत उभा करता येतो. गंमत अशी की तोही कुणी ना कुणी उभा केलेला आहेच: सौरडाग जास्त असताना भूकंप वाढतात असे सांगणारे अभ्यास आहेत आणि कमी असताना वाढतात असे सांगणारेही आहेत.

यावर कोणी म्हणेल की वह्यांचे सोडा, नामांकित नियतकालिकांतल्या शोधनिबंधांचे काय? आक्षेप रास्त आहे. २०२० मध्ये इटलीतील संशोधकांनी सोहो या अंतराळवेधशाळेच्या वीस वर्षांच्या नोंदी घेऊन सौरवाऱ्यातील प्रोटॉनची घनता आणि ५.६ हून अधिक तीव्रतेचे भूकंप यांची सांगड घातली. घनता वाढल्यानंतरच्या एका दिवसात भूकंप अपेक्षेपेक्षा जास्त होतात आणि हे योगायोगाने घडण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी आहे, असे त्यांना आढळले. हा निबंध हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण त्याआधी, २०१३ मध्ये, जेफ्री लव्ह आणि जेरेमी थॉमस या दोन अभ्यासकांनी सौरडाग, सौरवाऱ्याचा वेग आणि भूचुंबकीय निर्देशांक हे तिन्ही घेऊन शोध केला होता आणि त्यांना दखल घ्यावी असे काहीच सापडले नव्हते. मग एकाला सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही, असे का व्हावे? सूर्याची मोजता येणारी लक्षणे डझनभर आहेत. प्रत्येकाची मर्यादा कुठे धरायची हे आपल्या हाती, भूकंप किती तीव्रतेपासून मोजायचे हे आपल्या हाती, मधले अंतर एक दिवस धरायचे की सात हेही आपल्याच हाती. असे शेकडो पर्याय धुंडाळले तर त्यांतला एखादा योगायोगानेच चमकून उठणार. भूकंप आणि सौरवादळे ही दोन्ही पुंजक्यांनी येतात, मोठ्या भूकंपामागे धक्क्यांची रांग लागते, आणि त्यामुळे योगायोगाचे साधे गणित फसवे ठरते.

हा इशारा नवा नाही आणि परकाही नाही. भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ मध्ये नेमके हेच लिहून ठेवले होते: अनेक सहसंबंध तपासून त्यांतला सर्वांत मोठा निवडला असेल, तर त्याची कसोटी एकट्या सहसंबंधापेक्षा कितीतरी कडक हवी. मान्सूनचा आणि सौरडागांचा संबंध त्यांनी स्वतः कसून तपासला, तो त्यांना दुबळा आढळला, आणि त्याच शिस्तीने शोध घेताना त्यांना प्रशांत महासागराच्या दोन टोकांना झुलणाऱ्या वायुदाबाचा झोका सापडला. पुढे १९२८ मध्ये ते खाते शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीवरून जाताना मला वॉकरांची ती कसोटी हटकून आठवते.

कार्यकारणाच्या साखळीविषयी थोडे. सूर्यज्वालेची ऊर्जा प्रचंड असते हे खरे. अतिशय मोठ्या ज्वालेतून १० चा २५ वा घात इतके ज्यूल बाहेर पडतात. पण ती ऊर्जा सर्व दिशांना फाकते आणि पृथ्वीच्या वाट्याला येणारा अंश एवढा लहान असतो, की नेहमीच्या उन्हाने पृथ्वीला एका सेकंदात मिळणाऱ्या ऊर्जेचा तो जेमतेम चाळिसावा भाग भरतो. शिवाय क्ष-किरण जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटर उंचीच्या वरच अडतात. राहता राहिले चुंबकीय वादळाने जमिनीत उमटणारे विद्युतप्रवाह. इटालियन संशोधकांची मदार त्यांवरच आहे: क्वार्ट्झच्या स्फटिकाला विद्युतक्षेत्र मिळाले की तो किंचित ताणला जातो, घड्याळातला क्वार्ट्झही याच गुणावर चालतो. कोयनेचा वरचा बेसाल्ट क्वार्ट्झच्या बाबतीत दरिद्री आहे. पण धक्के येतात त्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये तो भरपूर आहे, तेव्हा त्या सबबीने हा मुद्दा उडवता येणार नाही. म्हणून हिशेबच केला. अतितीव्र वादळात जमिनीत किलोमीटरमागे दहा व्होल्टचे क्षेत्र धरले आणि सगळे स्फटिक शिस्तीने एका दिशेला तोंड करून बसले आहेत अशी उदार कल्पना केली, तरी निर्माण होणारा ताण पास्कलच्या काही सहस्रांशांपलीकडे जात नाही. भरतीचा ताण याच्या दहा लाखपट असतो, आणि त्याचा परिणामसुद्धा आपल्याला भिंगातून शोधावा लागतो. सोव्हिएत काळात किरगिझस्तानात जमिनीत प्रचंड विद्युतझोत सोडून लहान धक्के वाढतात असे नोंदले गेले होते, याची मला कल्पना आहे. त्या नोंदी कुतूहल वाढवणाऱ्या आहेत. मात्र तिथे प्रवाह माणसाने एका ठिकाणी एकवटून सोडला होता, सूर्य तसे करत नाही.

एक वाट मात्र मी उघडी ठेवतो, कारण ती मला खरोखर रोचक वाटते. सूर्य पाऊस पाडतो, आणि पाण्याचे ओझे जमिनीला दाबते. नेपाळच्या हिमालयात लहान भूकंप पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त होतात, आणि गंगेच्या मैदानात साठणाऱ्या-ओसरणाऱ्या पाण्याच्या वजनाशी त्याचा मेळ बसतो. २०२५ मध्ये जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी सूर्याच्या उष्णतेने बदलणारे पृष्ठभागाचे तापमान गणितात घेतले, तर भूकंपांचा अंदाज, विशेषतः उथळ भूकंपांचा, किंचित सुधारतो असे मांडले. किंचित, हा शब्द त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणाचा आहे. पण लक्षात घ्या की असे म्हणताच वादाचा विषय बदलला. आता आपण ज्वाला आणि वादळांविषयी बोलत नसून ऊन, पाऊस आणि भूजल यांविषयी बोलत आहोत, आणि तिथे पुन्हा कोयनेसारखाच जागेचा, वेळेचा आणि वाटेचा हिशेब मागता येतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, कोणी सूर्याला दोष दिला तर बिघडले काय, असेही मला विचारले जाते. आकाशाकडे पाहण्याने अनेकदा काहीच बिघडत नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या, म्हणजे आठ ग्रह एका राशीत येण्याच्या, भीतीने देशभर यज्ञ झाले, तूप जळले आणि ग्रह पुढे गेले. १९७४ मध्ये परदेशातल्या दोन विज्ञानशिक्षित लेखकांनी ग्रह एका बाजूला आल्याने सूर्य खवळेल, त्याने पृथ्वीच्या फिरण्यात फरक पडेल आणि १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाचा मोठा भ्रंश फुटेल, अशी साखळी रचली. १९८२ आले आणि निमूट गेले. परंतु प्रत्येक वेळी हिशेब असा स्वस्तात मिटत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत असताना, १८७७ मध्ये नॉर्मन लॉकियर हा नामवंत खगोलशास्त्रज्ञ आणि हिंदुस्थान सरकारच्या सांख्यिकीचे प्रमुख विल्यम हंटर यांनी मिळून सौरडाग आणि दुष्काळ यांचा संबंध मांडला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. दुष्काळ आधी कळावा हीच त्यांची धडपड होती. त्याच वेळी पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून धान्याचे भाव किती चढले, कामावरच्या मजुराला दिवसाला पौंडभर धान्यावर कसे राबवले जाते, याची निवेदने सरकारला धाडत होती. मद्रासचा दुष्काळ सूर्यावर वाचता येईल असे सांगणाऱ्या चक्राला सोलापुरातल्या कोणत्या तालुक्यात उपासमार होईल हे सांगता येत नव्हते. सभेच्या कागदांत ते लिहिलेले होते. आणि बंदरांतून धान्याची निर्यात मात्र सुरूच होती.

भूकंपाचेही तसेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे कोसळून. २००१ मध्ये भुजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या, त्यांतल्या अनेकांचा तळमजला वाहनांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. पुण्यात आज कोणत्या सोसायटीत असा तळमजला नाही? पेठांतले जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या भिंती कोणी तपासल्या आहेत? सूर्याच्या पुढच्या ज्वालेची तारीख विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या इमारतीच्या खांबांचा नकाशा पाहिला आहे?

व्याख्यान संपल्यावर ते अभियंते मला बाहेर चहाच्या टपरीपाशी भेटले. रागावलेले नव्हते. नोकरीची सुरुवातीची वर्षे कोयनेच्या खोऱ्यात काढली होती त्यांनी. ‘‘धरणाच्या पाण्याने जमीन हलते म्हणालो तेव्हाही लोक असेच हसले होते,’’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘‘साहेब, तुम्ही तेव्हा बरोबर होता, कारण पुढे पन्नास वर्षे नोंदी बोलल्या. इथेही नोंदींनाच बोलू द्या.’’ आम्ही तिथेच एक नियम ठरवला: ज्वाला फक्त एक्स वर्गाची धरायची, मुदत पुढच्या सात दिवसांची, भूकंप सात तीव्रतेपासून पुढचे, आणि वर्ष संपेपर्यंत यातले काहीही बदलायचे नाही. एकाच आठवड्यात चार ज्वाला आल्या आणि भूकंप एकच झाला तर तो चारदा मोजायचा नाही. जुळण्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहिल्या तर सूर्य सुटला. निम्म्याच्या पुढे गेल्या तर मी स्वतः त्या वक्त्यांकडे वही घेऊन जाईन. त्यांनी वहीत दोन रकाने आखले, एक ज्वालेचा आणि एक भूकंपाचा. मग पेन थांबवून त्यांनी विचारले, ‘‘आणि ज्या आठवड्यात ज्वालाच नाही, त्या आठवड्यातले भूकंप?’’ मी काही बोलायच्या आत त्यांनी पट्टी सरकवून तिसरा रकाना आखला.